हद्द बदलते, कचरा बदलत नाही

विश्रांतवाडीच्या मुख्य चौकातून आळंदी रस्त्याने उत्तरेकडे निघाले, की कळसनंतर थोड्याच वेळात दिघी लागते. तेथे पुणे महापालिकेची हद्द संपते आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेची सुरू होते. उलट दिशेने डेक्कन कॉलेजपाशी येऊन होळकर पूल ओलांडला, की मुळेपलीकडे खडकी कॅन्टोन्मेंट बोर्डाचा कारभार. जवळच लष्कराच्या ताब्यातील विस्तीर्ण जमीन आहे आणि पूर्वेच्या बाजूला लोहगावचा विमानतळ व हवाई दलाचा तळ. अवघ्या काही किलोमीटरच्या टापूत घरातील कचरा उचलणाऱ्या यंत्रणा अशा वेगवेगळ्या आहेत. कोठे कचरावेचक महिला दारात येते, कोठे घंटागाडी, तर कोठे बोर्डाचे सफाई कर्मचारी.

यंत्रणा वेगळ्या म्हणजे नियमही वेगळे, असा अनेकांचा समज असतो. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की इथे कचरा कसा द्यायचा? शेजारी एक सांगतो, सोसायटीचे सचिव दुसरे सांगतात आणि कचरा नेणारी तिसरेच. प्रत्यक्षात मूळ नियम देशभर एकच आहे. महापालिका असो, नगरपालिका असो, रेल्वेची वसाहत असो वा लष्करी आस्थापना, कचरा ज्या घरात निर्माण होतो त्या घरानेच तो वेगळा करून द्यायचा आहे. त्यापुढची व्यवस्था गावोगावी बदलते. ही पहिली पायरी चुकली, तर पुढची कोणतीही व्यवस्था तग धरत नाही.

नियमांचा पंचवीस वर्षांचा प्रवास

शहरांतील कचऱ्याच्या दुरवस्थेबद्दल अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्या खटल्यातून केंद्र सरकारचे नागरी घनकचरा (व्यवस्थापन व हाताळणी) नियम, २००० अस्तित्वात आले. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा, ही आज पाठ झालेली सूचना देशभर पोहोचली ती या नियमांमुळे. त्या नियमांत मुख्य जबाबदारी मात्र नगरपालिका-महापालिकांवर होती. नागरिकाने काय केले नाही तर काय होईल, याबाबत त्यांत फारशी धार नव्हती.

एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ही उणीव भरून काढली. घरातील कचरा तीन भागांत द्यायचा: विघटनशील म्हणजे ओला, अविघटनशील म्हणजे सुका आणि घरगुती घातक कचरा. कचरा रस्त्यावर, नाल्यात वा मोकळ्या जागेत टाकणे, जाळणे आणि पुरणे या तिन्हींना मनाई झाली. कचरा उचलण्यासाठी शुल्क आणि नियम मोडल्यास जागेवर दंड करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करावी, अशीही अट आली. रोज शंभर किलोंहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्यांना 'मोठ्या प्रमाणात कचरा निर्माण करणारे' असे वेगळे नाव मिळाले. कचरावेचकांची नोंद घेऊन त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, हे प्रथमच स्पष्ट शब्दांत आले तेही याच नियमांत.

जानेवारी २०२६ मध्ये केंद्राने त्यांच्या जागी नवे नियम अधिसूचित केले आणि ते अमलात येण्यासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. नव्या नियमांत तीनऐवजी चार डबे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा. सॅनिटरी म्हणजे वापरलेले नॅपकिन, डायपर आणि तत्सम वस्तू. विशेष काळजीच्या कचऱ्यात रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचे तापमापक, मुदत संपलेली औषधे इत्यादी येतात. मोठ्या संकुलांची व्याख्याही अधिक नेमकी झाली आहे. बांधकामाचे क्षेत्र वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक, पाण्याचा वापर रोज चाळीस हजार लिटर किंवा त्याहून अधिक, अथवा कचरा रोज शंभर किलो किंवा त्याहून अधिक, यांपैकी एकही निकष लागू झाला, तरी संकुल या वर्गात मोडते. अशा संकुलाने ओला कचरा आवारातच जिरवावा आणि ते शक्य नसल्यास तितक्या कचऱ्याच्या प्रक्रियेची जबाबदारी घेतल्याचे प्रमाणपत्र मिळवावे, अशी तरतूद आहे.

आपली सोसायटी कोणत्या वर्गात?

शंभर किलोंचा आकडा ऐकताना मोठा वाटतो. शहरी माणूस दिवसाला साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम घरगुती कचरा निर्माण करतो, असे धरले जाते. घरात चार माणसे असतील तर दीड ते दोन किलो झाले. म्हणजे पन्नास ते पासष्ट सदनिकांची सोसायटी शंभर किलोंच्या उंबरठ्यावर पोहोचते. विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर या पट्ट्यात गेल्या पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या अनेक इमारतींनी हा उंबरठा केव्हाच ओलांडलेला असेल, पण त्यांच्या कार्यकारिणीने वजनाचा काटा कधी लावलेला नसतो. सलग सात दिवस सकाळी जमा होणारा कचरा तोलून पाहिला, तर हा प्रश्न एका आठवड्यात निकाली निघतो.

पुण्यात याला आणखी एक पदर आहे. सन २००० नंतर उभ्या राहिलेल्या सोसायट्यांवर ओला कचरा आवारात जिरवण्याचे बंधन महापालिकेने आधीच घातले होते. बांधकाम व्यावसायिकांनी कागदोपत्री गांडूळखताचे खड्डे दाखवले आणि काही ठिकाणी प्रत्यक्ष बांधलेही. पुढे अनेक खड्ड्यांत जुने फर्निचर, फुटक्या कुंड्या आणि पावसाचे पाणी साठले. गांडूळखत, सौरऊर्जा वा पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असल्यास सर्वसाधारण करात पाच टक्के आणि दोन वा अधिक असल्यास दहा टक्के सवलत, असे प्रोत्साहनही पालिकेने दिले. सवलत घेऊन प्रकल्प बंद ठेवणाऱ्यांवर तपासणीनंतर ती गमावण्याची वेळ आली. खड्डा बांधणे सोपे असते. तो चालवायला रोज अर्धा तास देणारे माणूस लागते, आणि त्याची तरतूद बहुतेक अंदाजपत्रकांत नसते.

चार प्रकारची घरे, चार अडचणी

विश्रांतवाडी एकजिनसी वस्ती नाही. जुने बंगले व रो-हाउस, अलीकडची उंच संकुले, दाट वस्त्या आणि रस्त्यालगतची दुकाने व खाणावळी अशी चार प्रकारची वसाहत येथे शेजारी शेजारी आहे. नियम सर्वांना एकच असला, तरी तो पाळण्यातील अडचण प्रत्येकाची वेगळी.

बंगल्यांकडे जागा असते आणि झाडेही. त्यांचा खरा प्रश्न पालापाचोळ्याचा. माघ-फाल्गुनात पानगळ सुरू झाली, की कोपऱ्यात ढीग करून काडी लावण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्यास पंचवीस हजार रुपये भरपाई आकारण्याचा आदेश दिला होता. दंडाची गोष्ट बाजूला ठेवली, तरी जो पाचोळा जाळला जातो तोच खत करण्यासाठी सर्वांत मोलाचा घटक आहे. त्याचे कारण पुढे येईल.

उंच संकुलांची अडचण नेमकी उलटी. ओला कचरा भरपूर, पाचोळा थोडा आणि जागा वाहनतळाने व्यापलेली. शिवाय तीनशे घरांपैकी वीस घरांनी कचरा एकत्र दिला, तरी सगळ्या पिंपाची वाट लागते.

वस्त्यांमध्ये घरात दोन डबे ठेवायलाही जागा नसते, मग चार कोठून आणायचे? गल्ल्या इतक्या अरुंद, की घंटागाडी आत जाऊ शकत नाही. तेथे हातगाडी घेऊन येणाऱ्या महिलेची वेळ पाळणे, हेच व्यवस्थेचे मर्म ठरते. ती आली नाही किंवा सकाळी सहाला कामाला गेलेल्या घरातून तिला कोणी भेटले नाही, तर पिशवी नाल्याकाठी जाते. अशा घरांना दोष देण्याआधी कचरा घेण्याची वेळ संध्याकाळची करता येईल का, हे पाहणे अधिक न्याय्य होईल.

दुकाने व खाणावळींचा कचरा रात्री उशिरा तयार होतो आणि गाडी येते सकाळी. मधल्या सात-आठ तासांत तो कुत्र्या-डुकरांच्या तावडीत सापडतो. महापालिकेच्या भाषेत ज्यांना 'क्रॉनिक स्पॉट' म्हणतात, त्या नेहमीच्या उकिरड्यांचा जन्म बहुधा असाच होतो. दोन हद्दींच्या सीमेवर तर अशा जागा हमखास सापडतात, कारण तेथील ढीग उचलणे दोन्हीकडच्या यंत्रणांना दुसऱ्याचे काम वाटते.

दारात येणारी ती कोण?

पुण्याची व्यवस्था देशातील अनेक शहरांहून वेगळी आहे ती कचरावेचकांमुळे. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातील प्राध्यापक-कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. तोवर उकिरड्यावर वाकून भंगार वेचणाऱ्या या महिलांना 'कामगार' असे कोणी म्हणत नव्हते. त्यांत दलित समाजातील महिलांचे प्रमाण मोठे होते, आजही आहे. संघटनेच्या प्रयत्नांतून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था स्थापन झाली आणि २००८ मध्ये तिने घरोघरी कचरा गोळा करण्यासाठी पुणे महापालिकेशी करार केला. आज तीन हजारांहून अधिक सभासद या कामात आहेत.

या व्यवस्थेचे अर्थशास्त्र समजून घेतले, म्हणजे वर्गीकरणाचा आग्रह का, ते ध्यानात येते. सभासद महिलेचे उत्पन्न दोन वाटांनी येते. एक, घरटी दरमहा मिळणारे शुल्क, जे कुटुंबाने थेट तिला द्यायचे असते. दुसरी वाट सुक्या कचऱ्याच्या विक्रीची. पुठ्ठा, वर्तमानपत्र, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा, काच यांना भंगाराच्या दुकानात भाव मिळतो. याच कागदावर आमटी सांडली, की त्याचा भाव शून्य. म्हणजे एकत्र दिलेली पिशवी केवळ नियमभंग करत नाही. ती एका कष्टकरी बाईच्या दिवसाच्या कमाईतून थेट पैसे कापून घेते.

त्याहून गंभीर प्रश्न आरोग्याचा आहे. उघड्या पिशवीत हात घालून वर्गीकरण करताना फुटलेली काच, दाढीचे पाते, इंजेक्शनची सुई आणि वापरलेले नॅपकिन हाताला लागतात. 'स्वच्छ'च्या सभासदांनी २०१३ मध्ये वापरलेले सॅनिटरी नॅपकिन गोळा करून ते उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवण्याचे आंदोलन केले, तेव्हा या विषयाला प्रथम वाचा फुटली. अशा वस्तू कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, ही 'रेड डॉट'ची साधी कल्पना तेव्हापासून रुजत गेली. नव्या नियमांनी सॅनिटरी कचऱ्याला स्वतंत्र डबा दिला, त्यामागे हा अनुभव आहे.

कोथरूड, उरुळी आणि विमानतळ

घरातून गेलेला कचरा कोठे जातो, याचे उत्तर पुण्याने दोनदा बदलले. एकेकाळी शहराचा कचरा कोथरूडच्या डेपोत पडत असे. वस्ती वाढली, विरोध वाढला आणि १९९० च्या दशकात तो उरुळी देवाची व फुरसुंगीच्या हद्दीत जाऊ लागला. कोथरूडच्या त्या जुन्या डेपोच्या जागेवर आता मेट्रोचा कारडेपो आहे. उरुळी-फुरसुंगीच्या ग्रामस्थांच्या वाट्याला मात्र दुर्गंधी, दूषित झालेल्या विहिरी आणि धुमसत राहणारे ढीग आले. त्यांनी अनेकदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागल्यानंतर झालेल्या आंदोलनात सुमारे तीन आठवडे गाड्या बंद राहिल्या आणि शहराच्या रस्त्यांवर कचरा साचला. त्या दिवसांत ज्या थोड्या सोसायट्यांत ओला कचरा आवारात जिरत होता, त्यांना या बंदची झळ फारशी लागली नाही.

ढीग पेटतात आणि विहिरी बिघडतात, याचे मुख्य कारण ओला कचरा आहे. हवेविना दाबला गेलेला ओला कचरा कुजताना मिथेन वायू तयार करतो. तो ज्वलनशील असतो. त्याच ढिगातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत मुरत जाते. सुका कचरा नुसता पडून राहिला, तर जागा व्यापतो. ओला मिसळला, की तो धोका बनतो.

विश्रांतवाडीकरांसाठी यात एक स्थानिक कारणही आहे. २०१६ च्या नियमांनुसार कचराभूमी विमानतळ वा हवाई तळापासून सर्वसाधारणपणे वीस किलोमीटर दूर असावी लागत असे. १९३७ च्या विमान नियमांनीही विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या परिघात पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा टाकण्यास मनाई केली होती. कारण उघड आहे: उघड्यावरील खरकटे आणि मांसाचे अवशेष घारी-कावळ्यांना बोलावतात आणि उड्डाण करणाऱ्या वा उतरणाऱ्या विमानाला पक्षी धडकण्याचा धोका वाढतो. लोहगावची धावपट्टी येथून दहा किलोमीटरच्या आतच आहे. विश्रांतवाडीत चौकातील उकिरडा स्वच्छतेबरोबर विमानांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न बनतो, तो असा.

हद्दीपलीकडचे चित्र वेगळे आहे. पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशी येथील डेपोत जातो आणि तेथे कचऱ्यापासून वीज तयार करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. असे प्रकल्पही वर्गीकरणावरच चालतात. भाजीच्या देठांत व उष्ट्यात पाण्याचा अंश सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत असतो. ओले सरपण चुलीत घातले तर जे होते, तेच भट्टीत होते. खत करा, वायू करा किंवा वीज करा. ओला आणि सुका वेगळा झाल्याशिवाय कशाचेच गणित जुळत नाही.

ओल्या कचऱ्याचे खत कसे होते?

धानोरी-कळस ही गावे महापालिकेत येण्यापूर्वी तेथील घराघरांमागे उकिरडा होता. शेण, पाचोळा, राख आणि घरातील उष्टे-खरकटे त्यात पडे आणि वैशाखात ते शेतात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याला खताचे तत्त्व नव्याने शिकवण्याची गरज नाही. गच्चीत वा गॅलरीत ते कसे बसवायचे, एवढाच प्रश्न आहे.

खत करणारे सूक्ष्मजीव असतात. त्यांना तीन गोष्टी लागतात: हवा, माफक ओलावा आणि कर्ब व नत्र यांचे योग्य प्रमाण. कर्बाचे पंचवीस ते तीस भाग आणि नत्राचा एक, असे प्रमाण त्यांना मानवते. भाजीपाला व उरलेले अन्न यांत नत्र अधिक असते. वाळलेली पाने, लाकडाचा भुसा आणि नारळाच्या काथ्याचा भुसा यांत कर्ब. म्हणून ओल्या कचऱ्याचा थर आणि त्यावर पाचोळ्याचा थर, ही पद्धत. बंगल्यात जाळला जाणारा पाचोळा शेजारच्या संकुलाला मोलाचा का, याचे उत्तर यात आहे.

घरगुती पद्धत अशी. तळाला व बाजूंना भोके असलेली कुंडी किंवा बादली घ्यावी. तळाशी चार बोटे पाचोळा घालावा. देठे, साली, चहाचा चोथा, निर्माल्य यांचे शक्य तितके बारीक तुकडे करून रोज टाकावेत आणि वर मूठ-दोन मुठी पाचोळा वा भुसा पसरावा. सुरुवातीला थोडे जुने खत किंवा आंबट ताक घातले, तर क्रिया लवकर सुरू होते. आठवड्यातून दोनदा खालवर करावे. एक बादली भरली, की ती झाकून ठेवावी आणि दुसरी सुरू करावी. दीड ते दोन महिन्यांत पहिलीतले मिश्रण काळपट, भुसभुशीत होते आणि त्याला पावसाळी मातीचा वास येतो. तेव्हा खत तयार झाले असे समजावे.

तक्रारी बहुधा तीनच असतात. कुजका वास आला, तर हवा कमी पडते आहे. खालवर करून पाचोळा वाढवावा. अमोनियासारखा उग्र दर्प आला, तर नत्र जास्त झाले आहे, उपाय तोच. पांढुरक्या वा करड्या अळ्या दिसल्या, की अनेकजण घाबरून प्रयोग बंद करतात. या अळ्या बहुतेक वेळा कचरा खाऊन फस्त करणाऱ्या असतात आणि माणसाला त्रास देत नाहीत. ओलावा कमी करून वर पाचोळ्याचा जाड थर दिला, की त्या कमी होतात. ओलावा तपासायची खूण सोपी आहे. मिश्रण मुठीत घट्ट दाबले असता बोटांतून एखादा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त. आंब्याच्या कोयी, नारळाच्या करवंट्या आणि मोठी हाडे लवकर कुजत नाहीत, ती वेगळी ठेवावीत. गांडुळे वापरायची असतील, तर तेलकट, खारट व आंबट पदार्थ त्यांना देऊ नयेत आणि कडक उन्हापासून त्यांना जपावे.

संकुलांसाठी बाजारात चोवीस तासांत खत देणारी यंत्रे विकली जातात. खरेदीपूर्वी एक गोष्ट विचारून घ्यावी. त्यांपैकी अनेक यंत्रे कचरा तापवून वाळवतात आणि त्याचे आकारमान घटवतात. बाहेर येते ती भुकटी परिपक्व खत नसते. तिला आणखी काही आठवडे मुरवावे लागते, अन्यथा कुंडीत घालताच पुन्हा वास सुटतो. विजेचा मासिक खर्च, पाचोळ्याची सोय आणि यंत्र बंद पडल्यास पर्याय, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे घेतल्याशिवाय सर्वसाधारण सभेने मंजुरी देऊ नये. विटांच्या जाळीदार हौद्यांची जुनी पद्धत स्वस्त असते, पण तिला जागा आणि लक्ष लागते.

इतरत्र काय चालते?

मुलांकडे परदेशी जाऊन आलेले ज्येष्ठ तिकडच्या रंगीत डब्यांचे कौतुक सांगतात. ते कौतुक खरे आहे. मात्र त्यामागचे नियम गावागणिक निराळे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोने २००९ मध्ये सर्व रहिवाशांना पुनर्वापराचा, खताचा आणि उरलेला कचरा वेगळा देणे सक्तीचे केले. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नकचरा थेट कचराभूमीत टाकण्यावर बंदी घातली आणि २०१३ पासून घरांनी टाकलेल्या अन्नाच्या प्रमाणात शुल्क घेणे सुरू केले. जो जास्त उष्टे टाकतो, तो जास्त पैसे भरतो. जर्मनीत २००३ पासून पेयाच्या बाटल्या व डब्यांवर अनामत रक्कम आहे. बाटली परत दिली, की पैसे परत. जपानमधील कामिकात्सू या सुमारे दीड हजार लोकवस्तीच्या गावात तर कचऱ्याची गाडीच नाही. रहिवासी स्वतः केंद्रावर येऊन चाळीसहून अधिक प्रकारांत कचरा वेगळा ठेवतात.

आपल्याकडेही दाखले कमी नाहीत. कोकणातील वेंगुर्ले नगरपरिषदेने २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण सुरू केले आणि जुन्या डेपोच्या जागेवर लोक सहलीला जाऊ लागले. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या संकुलांचा ओला कचरा उचलणार नाही, अशी भूमिका घेतली. इंदूरने वर्गीकरणात सातत्य राखले, म्हणूनच फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू तयार करणारा प्रकल्प उभा राहू शकला. पुण्यातही कात्रज प्रभागात २०११ मध्ये शून्य कचरा प्रकल्प राबवण्यात आला होता. घरोघरी समजावणे आणि कचरावेचकांचा सहभाग, हे त्याचे दोन आधार होते.

या सर्व ठिकाणी हवामान, पैसा आणि लोकसंख्या वेगळी आहे. समान धागा एवढाच, की मिश्र कचरा स्वीकारायचा नाही, हा निर्णय घेतला गेला आणि तो महिना-दोन महिन्यांनी सोडून दिला गेला नाही. पुण्यात कुंडी अनेकदा हलली, मोहिमा अनेकदा झाल्या, पण मिश्र पिशवी परत पाठवण्याचे बळ दारात उभ्या असलेल्या महिलेला क्वचितच मिळाले. तिने पिशवी नाकारली, तर तक्रार तिच्याविरुद्ध होते. सोसायटीची कार्यकारिणी तिच्या पाठीशी उभी राहिली, तर आठवड्यात चित्र बदलू शकते.

उद्या सकाळपासून

नियमांचे सार घरापुरते पाहिले, तर ते फार अवघड नाही. ओट्याशेजारी ओल्यासाठी झाकणाचा डबा, तोही पिशवीविना. कागद अंथरला तरी पुरे. सुक्यासाठी एक मोठी पिशवी. दुधाची पिशवी आणि खाद्यपदार्थांची पाकिटे विसळून, वाळवून त्यात टाकावीत. दूध-पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पडू देऊ नये. तो गोळा करणे कोणालाच शक्य नसते. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून, खूण करून वेगळा द्यावा. बल्ब, बॅटरी, औषधे, रंग यांच्यासाठी एक खोका ठेवावा आणि तो महिन्याकाठी द्यावा. जुने मोबाईल, चार्जर, वायरी हा ई-कचरा. तो अधिकृत संकलनात किंवा 'स्वच्छ'च्या संकलन मोहिमेत द्यावा. फुटलेली काच जाड कागदात बांधून वर तसे लिहावे. कचरावेचक महिलेचे मासिक शुल्क वेळेवर द्यावे. ती मेहनताना मागते आहे, बक्षिसी नव्हे.

सोसायट्यांनी एका आठवड्याचे वजन, मिश्र कचरा देणाऱ्या घरांची यादी आणि खताच्या जागेचा आराखडा, एवढी तीन कागदपत्रे पुढील सभेत ठेवावीत. येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालयाकडे मार्गदर्शन मागताना हातात ही माहिती असली, की चर्चा तक्रारीवरून उपायावर येते. पाचोळ्याच्या देवाणघेवाणीसाठी बंगले आणि संकुले यांनी आपसांत ठरवले, तर दोघांचाही प्रश्न सुटतो.

दिघीच्या वा खडकीच्या हद्दीत राहणाऱ्यांना उचलण्याची वेळ, शुल्क आणि तक्रारीचा पत्ता निराळा असेल. तो आपापल्या पालिकेकडून वा बोर्डाकडून घ्यावा. केळीची साल मात्र तिन्ही हद्दींत सारखीच कुजते. ती कोणत्या डब्यात पडते, हे ठरवायला स्वयंपाकघरात दोन सेकंद लागतात. तोच निर्णय ढिगावर घ्यायचा झाला, तर तो कोणाला तरी हाताने, उन्हात, दुर्गंधीत उभे राहून घ्यावा लागतो. आणि जो ढीग कोणीच निवडत नाही, तो फुरसुंगीसारख्या एखाद्या गावाच्या विहिरीपर्यंत जाऊन पोहोचतो.